पाहुण्यांच्या गाड्या आणि गावचा अरुंद रस्ता

गावाला जोडणारा डांबरी रस्ता एकदा टेप लावून मोजून पाहावा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची डांबरी पट्टी साधारण ३.७५ मीटर रुंद असते. वाहतूक फारच कमी असेल तिथे ती ३ मीटरच ठेवतात. साधी चारचाकी १.७ ते १.८ मीटर रुंद. ती डांबरावर उभी राहिली की उरतात जेमतेम दोन मीटर. बस आणि ट्रकला कायद्याने २.६ मीटरपर्यंत रुंदीची मुभा आहे. म्हणजे असा रस्ता बंद पडायला दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागाव्या लागत नाहीत. एक गाडी पुरते.

त्या एका गाडीमागे काय काय अडते ते गावातल्या माणसालाच ठाऊक असते. एसटी फाट्यावरूनच परत फिरते आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेची मुले भर पावसात चालत घरी येतात. डेअरीचा टेम्पो वेळेवर पोचत नाही. चिखलणीचा ट्रॅक्टर खाचरापर्यंत जात नाही. आणि ज्या दिवशी एखाद्या बाळंतिणीसाठी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी लागते, त्या दिवशी ती दोन मीटरची फट जिवावर बेतू शकते.

धबधबे, गडकिल्ले, काजवे, समुद्रकिनारे यांच्या वाटेवरच्या शेकडो गावांना हा त्रास आता दर हंगामात होतो. त्यावर भांडणे होतात, चाकांतली हवा सोडली जाते, पोलिसांत तक्रारी जातात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. याचे कारण असे, की प्रत्येक रविवारी येणारा गाडीवाला नवा असतो. त्याला कालचे भांडण माहीत नसते. शहरात गाडी रस्त्याच्या कडेलाच लावतात, ती सवय घेऊन तो येतो. त्याला मोकळी कडा दिसते. पाच वाजता येणारी एसटी दिसत नाही. म्हणून गाडी कुठे लावू नये हे ओरडून सांगण्याआधी ती कुठे लावायची हे गावाने ठरवून दाखवले पाहिजे. हा प्रश्न सुटतो तो तिथेच.

आधी रस्ता मोजा

दोन-चार जाणत्या माणसांनी फाट्यापासून गावापर्यंत आणि गावापासून धबधब्यापर्यंत चालत जावे. हाती टेप आणि कागद असावा. कागदावर रस्त्याचा साधा नकाशा काढून पुढच्या जागांवर खुणा कराव्यात: सर्वांत अरुंद तुकडे, आंधळी वळणे, मोऱ्या, एसटी वळते ती जागा, शाळा आणि आरोग्य उपकेंद्राची फाटके, शेतात ट्रॅक्टर उतरतो ते उतार, पाण्याचा टँकर थांबतो ती विहीर किंवा टाकी.

यात एका जागेकडे विशेष लक्ष द्या. एकेरी रस्त्यावर अधूनमधून थोडी रुंद जागा असते. समोरून गाडी आली की साइड घेण्यासाठी ती असते. बाहेरच्या माणसाला नेमकी तीच जागा गाडी लावायला सोयीची वाटते. रस्ता सोडून, कोणाच्या आड न येता गाडी लावली असे त्याला मनापासून वाटते. पण साइड घ्यायच्या जागा भरल्या की समोरासमोर आलेल्या गाड्यांना मागे जाता येत नाही आणि पुढेही. कोंडी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. या जागांवर सर्वांत आधी फलक लागले पाहिजेत.

मग गर्दीच्या दोन-तीन रविवारी दर तासाला उभ्या गाड्या मोजा. किती आल्या, किती वेळ थांबल्या, कशासाठी आल्या होत्या हे लिहून ठेवा. ‘खूप गाड्या येतात’ असे म्हटल्याने कोणतेही कार्यालय हलत नाही. ‘दुपारी बारा वाजता साइडपट्टीवर अमुक गाड्या होत्या आणि एसटीच्या दोन फेऱ्या रद्द झाल्या’ असे लिहिलेल्या अर्जाची दखल घ्यावी लागते. फेऱ्या रद्द झाल्याची नोंद एसटीच्या आगारातून लेखी मागून घ्या. अर्जाला तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

जागा: किती, कुठे, कोणाची

एक चारचाकी लावायला आणि वळवायला मिळून २५ ते ३० चौरस मीटर जागा धरावी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणून गुंठ्यात तीन ते चार गाड्या बसतात. दहा गुंठ्यांत तीस-पस्तीस गाड्यांची सोय होते. तुमच्या मोजणीशी हा हिशेब ताडून पाहा. अनेक वाड्यांचे काम अर्ध्या एकरात भागेल.

जागा अरुंद तुकड्याच्या अलीकडे हवी. गाव ओलांडून धबधब्याजवळ केलेले वाहनतळ सगळी वाहतूक त्याच अरुंद रस्त्यावरून नेते आणि दुखणे वाढवते. फाट्याजवळचा माळ, आठवडे बाजाराची मोकळी जागा, कोकणात गावाबाहेरचा कातळ, सुटीच्या दिवशी शाळेचे मैदान असे पर्याय बघावेत. शाळेचे मैदान घ्यायचे तर शाळा व्यवस्थापन समितीची संमती घ्या आणि शाळेच्या दिवशी ते वापरू नका. गायरान सरकारी असते; ते वापरण्याआधी महसूल खात्याची परवानगी लागते. वनखात्याच्या जमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच करू नये. खासगी शेत असेल तर मालकाशी हंगामापुरता लेखी करार करा आणि सातबारावर इतरांची नावे असतील तर त्यांच्याही सह्या घ्या.

पावसाळ्यात भाताची खाचरे यासाठी उपयोगाची नाहीत. चिखलात चाक रुतले की पुढचा माणूस पुन्हा रस्त्यावरच गाडी लावतो. पाण्याचा निचरा होणारी जागा निवडून पाऊस सुरू होण्याआधी तिथे मुरूम पसरा. गाड्यांच्या ओळी चुन्याने आखा आणि येण्या-जाण्याचे तोंड वेगळे ठेवा. म्हातारी माणसे आणि अपंग यांना पुढे सोडून गाडी परत आणता येईल अशी सवलत द्या. शक्य असेल तर स्वच्छतागृहाची सोय करा. ती नसली की लोक गाडी घेऊन पुढे सरकतात.

शुल्क घ्यायचे असेल तर ते गाडी लावण्याच्या सेवेचे असावे. ग्रामपंचायतीचा ठराव, ठळक दरफलक, छापील पावती आणि ग्रामसभेसमोर हिशेब या चारही गोष्टी हव्यात. रस्त्यावर दोरी आडवी बांधून गावात शिरण्याचे पैसे मागणे ही वेगळी गोष्ट आहे. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याकडून असे पैसे घेण्याचा अधिकार कोणा मंडळाला किंवा व्यक्तीला नाही, आणि त्यातून गावाचीच बदनामी होते.

गाड्या दूर थांबवल्या की लोक येत नाहीत, अशी भीती हॉटेलवाल्यांना आणि घरगुती निवासवाल्यांना वाटते. त्यांनी साताऱ्याजवळचे कास पठार पाहावे. २०१२ साली पश्चिम घाटातली स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कासही होते, आणि फुलांच्या हंगामातली गर्दी आवरेनाशी झाली. वनखाते आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणली, दिवसाच्या पर्यटकांची संख्या मर्यादित केली आणि गाड्या पठारापासून दूर थांबवून पुढे छोट्या बसची सोय केली. लोक अजूनही येतात आणि गावातल्या तरुणांना त्यातून हंगामी काम मिळते. माथेरानमध्ये तर पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जातच नाहीत. तरी मुंबई-पुण्याची माणसे पिढ्यान्पिढ्या तिथे जातात. तुमच्या गावात जीप किंवा मिनीबसने ने-आण करायची असेल तर प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि विमा असलेलीच गाडी वापरा.

ठराव, फलक आणि कायदा

ग्रामसभेत ठराव करताना चार मुद्दे स्पष्ट असावेत: कोणत्या तुकड्यावर गाड्या लावायच्या नाहीत, पर्यायी जागा कोणती, देखरेख कोण करणार, पैशाचा हिशेब कोण ठेवणार. ठरावाची प्रत रस्ता ज्यांच्याकडे आहे त्यांना द्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग सहसा जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो, म्हणून आपला रस्ता कोणत्या वर्गातला हे ग्रामपंचायत कार्यालयात आधी विचारून घ्या.

एक फरक समजून घेतला पाहिजे. गावाने स्वतः रंगवलेला ‘येथे गाडी लावू नये’ हा फलक ही विनंती असते. दंडाचे बळ असलेली गाड्या लावण्याची बंदी जिल्हा पातळीवरच्या सक्षम अधिकाऱ्याच्या अधिसूचनेनेच येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ ते ११७ मध्ये वाहनांवर निर्बंध घालणे, वाहतूक चिन्हे लावणे आणि वाहनतळ ठरवणे याची तरतूद आहे. वाहनतळ ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा असे कलम ११७ सांगते. तेव्हा ग्रामपंचायतीने ठराव, नकाशा आणि मोजणी जोडून पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अधिसूचना मागावी.

अधिसूचना होईपर्यंत हात बांधलेले आहेत असे मात्र नाही. रहदारीला अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी करणे कलम १२२ नेच मना आहे. त्यासाठी फलक लागत नाही. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बेवारस सोडलेली गाडी वाहतुकीला अडथळा होत असेल तर ती तत्काळ उचलण्याचा आदेश पोलीस अधिकारी कलम १२७ खाली देऊ शकतो आणि उचलण्याचा खर्च गाडीमालकावर पडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणाऱ्याला ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एखाद्या रिसॉर्टच्या किंवा फार्महाऊसच्या गाड्या रोजच रस्ता अडवत असतील, तर तो कायमचा उपद्रव झाला. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. शेतात जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

गाडी आडवी उभी आहे. आत्ता काय करायचे?

चालक जवळ असेल तर आधी जागा सांगा, मग कारण सांगा. ‘दादा, मागे मारुतीच्या देवळाजवळ गाड्या लावायची जागा केली आहे, या, मी दाखवतो. इथून पाचची एसटी वळते’ एवढे शांतपणे म्हटले की बहुतेक माणसे गाडी काढतात. ‘कुणाला विचारून लावली?’ या प्रश्नाने सुरुवात केली की समोरचा उत्तर शोधू लागतो आणि गाडी तिथेच राहते. बोलायला एकाने किंवा दोघांनी जावे. दहा-बारा जणांचा घोळका गाडीभोवती जमला की आत बसलेली बाया-माणसे घाबरतात आणि साधी गोष्ट चिघळते.

चालक जवळ नसेल तर काचेवर फोन नंबर आहे का पाहा. नसेल तर चहाच्या टपरीवर, हॉटेलांत आणि घरगुती निवासांत गाडीचा रंग आणि नंबर कळवा. गावाचा व्हॉट्सअॅप गट याच कामासाठी वापरा. तेवढ्यात फोटो काढून ठेवा: नंबरप्लेट दिसेल असा एक, टेप किंवा काठी आडवी धरून उरलेली रुंदी दिसेल असा एक, आणि अडकलेली एसटी किंवा ट्रॅक्टर दिसेल असा एक. अर्ध्या तासात माणूस सापडला नाही तर पोलीस पाटलांना सांगा आणि ठाण्यात फोन करा. नंबरवरून मालकाशी संपर्क साधणे पोलिसांना शक्य असते. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी अडली असेल तर अर्धा तास थांबू नका. लगेच ११२ ला फोन करा आणि रस्ता कशाने अडला आहे ते पहिल्याच वाक्यात सांगा.

गर्दीच्या दिवशी हे सगळे आयत्या वेळी करण्यापेक्षा फाट्यावरच दोन स्वयंसेवक उभे करा. अंगात चकचकीत जाकीट, हातात शिट्टी आणि वाहनतळाकडे बाण दाखवणारा फलक एवढे पुरते. गाडी लागण्याआधी सांगितलेले माणूस ऐकतो. गाडी लावून, डबा उघडून बसलेल्याला उठवणे अवघड असते. स्वयंसेवकांना गाडी अडवण्याचा किंवा दंड घेण्याचा अधिकार नाही, ही गोष्ट त्यांना आणि गावाला स्पष्ट सांगून ठेवा. त्यासाठी हंगामापुरते पोलीस किंवा होमगार्ड मिळावेत असा अर्ज पोलीस ठाण्याला पाऊस सुरू होण्याआधी द्यावा.

हे कधीच करू नका

चाकातली हवा सोडणे, काच फोडणे, रंगावर ओरखडे काढणे हा नुकसानीचा गुन्हा होतो आणि मूळ चूक गाडीवाल्याची असूनही आरोपी तुम्ही ठरता. शिवाय हवा सोडलेली गाडी तिथून हलतच नाही. रस्ता आणखी चार तास बंद राहतो. सूड म्हणून त्याच्या पुढे-मागे ट्रॅक्टर लावून त्याला कोंडणे हाही गुन्हा ठरू शकतो. साइडपट्टीवर दगड मांडून ठेवू नका. धुक्यात आणि रात्रीच्या पावसात ते दुचाकीस्वाराला दिसत नाहीत, आणि तो दुचाकीस्वार बहुधा आपल्याच गावचा असतो. गाडीवाल्यांच्या चेहऱ्यांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटो पोलिसांसाठी ठेवा.

पाहुणे आपलेच असतात तेव्हा

रस्ता अडवणाऱ्या गाड्या नेहमी परक्यांच्याच नसतात. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात, जत्रेला लेकी-जावई येतात, लग्नाला दोन्हीकडचे वऱ्हाड येते. गावाला पर्यटकांकडून शिस्त हवी असेल तर हाच नियम आपल्या पाहुण्यांनाही लावावा लागेल. यजमानाने आमंत्रणासोबतच गाडी कुठे लावायची ते कळवावे. मांडवाची जागा ठरवतानाच गाड्यांची जागा ठरवावी आणि घरातल्या एका तरुणाला फक्त त्या कामावर ठेवावे.

घरगुती निवास चालवणाऱ्यांनी खोल्यांइतक्याच गाड्या घ्याव्यात आणि त्या आपल्या अंगणात किंवा ठरलेल्या वाहनतळावर लावून घ्याव्यात. पाहुण्याला मोबाइलवर घराचे ठिकाण पाठवण्याऐवजी वाहनतळाचे ठिकाण पाठवा. त्याचा नकाशा त्याला जिथे नेईल तिथेच तो गाडी लावणार. ऑनलाइन नकाशावर धबधब्याची खूण एखाद्या बोळाच्या तोंडाशी पडली असेल तर ती दुरुस्त करण्याची सूचना कोणालाही पाठवता येते. वाहनतळाची वेगळी नोंदही करता येते. हे काम एका संध्याकाळी होते आणि त्याचा उपयोग हंगामभर होतो.

या मुद्द्यावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तेढ निर्माण झाली असेल तर गावच्या तंटामुक्ती समितीत ती मिटवावी. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतली ही समिती तुमच्या गावात निजली असेल तर तिला याच कामासाठी उठवा.

तुम्ही स्वतः पाहुणे असाल तर

शहरातून गडावर, धबधब्याला किंवा काजवे बघायला जाणाऱ्या वाचकांनी गाडी बंद करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: माझ्या गाडीशेजारून एसटी जाईल का? उत्तर नक्की ‘हो’ नसेल तर पुढे चला किंवा मागे फिरा. वळणावर, मोरीवर, चढाच्या माथ्यावर, शेताच्या तोंडाशी आणि दुसऱ्या उभ्या गाडीच्या समोर गाडी लावू नका. हिरवी दिसणारी साइडपट्टी पावसात खचते. तिच्याखाली गटार असू शकते. काचेवर आपला फोन नंबर ठेवा आणि रेंज नसेल तर जवळच्या घरी सांगून जा. चार जणांनी दोन गाड्या आणण्याऐवजी एक आणा. शक्य असेल तिथे एसटीने जा. गावाने वाहनतळ केले असेल तर तिथले पैसे कुरकुर न करता द्या आणि पावती घ्या. त्या गावातली माणसे तुमच्या सुटीच्या दिवशीही कामावर असतात. त्यांचा रस्ता त्यांना मोकळा मिळाला पाहिजे.

कामाला कधी लागायचे

पावसाळ्याच्या गर्दीचे काम पावसाळ्यात सुरू करून चालत नाही. मोजणी या वर्षीच्या हंगामात करा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आकडे मांडून जागा ठरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिसूचनेचे आणि फलकांचे अर्ज द्या आणि दर पंधरवड्याला त्यांचा पाठपुरावा करा. १ मेच्या ग्रामसभेत दर, स्वयंसेवक आणि हिशेबनीस नक्की करा. मे महिन्यात मुरूम टाकून घ्या, फलक रोवा, ऑनलाइन नकाशावर नोंद करा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पहिल्या दोन महिन्यांचा हिशेब वाचून दाखवा आणि एसटीच्या किती फेऱ्या चुकल्या ते आगाराकडून विचारून घेऊन सांगा. गेल्या वर्षीपेक्षा तो आकडा खाली आला असेल तर व्यवस्था चालते आहे. नसेल तर वाहनतळाची जागा बदला, फलक हलवा, स्वयंसेवक वाढवा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मोजा.